हल्क 'अंगात येतो' की बॅनरचं 'रूपांतर' होतं?

कर्लीकाठ
आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी सुपरहिरो सिनेमांवर लेख लिहिलाय. मालवण-कुडाळकडची पोरं हे सिनेमे बघून आल्यावर काय बोलतात, कुणावरून भांडतात, असा विषय. त्यात हल्कवर, म्हणजे रागावला की अवाढव्य हिरवा राक्षस होणाऱ्या ब्रूस बॅनर या शास्त्रज्ञावर, एक वाक्य होतं, 'राग अनावर झाला की ब्रूस बॅनरच्या अंगात हल्क येतो.' संपादकांनी ते खोडून 'बॅनरचे हल्कमध्ये रूपांतर होते' असं केलं. समासात शेरा मारला की अंगात येणं हे देवाचं किंवा भुताचं, इथे गॅमा किरणांचा परिणाम आहे. पुढे 'सुपरमॅन क्लार्क केंटचं सोंग घेतो' (क्लार्क केंट म्हणजे त्याचं साध्या पत्रकाराचं रूप) असं होतं, तिथलं सोंग काढून 'वेषांतर करतो' घातलं.

मला हे पटत नाही. रूपांतर सुरवंटाचं होतं, कादंबरीचं नाटकात होतं. एकदा झालं की झालं. हल्क येतो आणि जातो, आणि पुन्हा कधी येईल याची बॅनरला धास्ती असते. सगळी गोष्ट त्या येण्याजाण्यावर उभी आहे. आमच्याकडची पोरं बोलताना 'अंगात इलो' हेच म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात? अंक छपाईला जायचाय, जरा लवकर सांगा.

राजापुरी पंचा
संपादकांचं बरोबर आहे. अंगात यायला येणारा वेगळा लागतो आणि ज्याच्यात येतो ते झाड, म्हणजे तो माणूस, वेगळं लागतं. हल्क बाहेरून कुठून आला? तो बॅनरचाच राग आहे. स्वतःचाच राग स्वतःच्या अंगात येतो असं कोण म्हणेल? राग 'येतो', अंगात 'येत' नाही. 'रूप पालटतो' म्हणा. साधं आहे, मराठी आहे, आणि कुणाच्या देवाला हात लागत नाही.

तळकोकणी बाय
काका, आमच्या वेंगुर्ल्याकडे याला अवसार म्हणतात. 'देवाचो अवसार इलो.' तरंग, म्हणजे देवाच्या सजवलेल्या काठ्या, देवळाबाहेर काढतात, ढोल वाढत जातो आणि धरणाऱ्याचे आधी हात थरथरायला लागतात, मग खांदे. श्वास मोठा होतो, आवाज घोगरा होतो, रोजचा माणूस त्याच आवाजात बोलू शकणार नाही असा. चार जणांना आवरत नाही. अवसार उतरला की तोच माणूस खाली बसतो, पाणी मागतो आणि आपण काय बोललो ते दुसऱ्याला विचारतो.

आता २०१२ चा अ‍ॅव्हेंजर्स आठवा. हल्क आकाशातून पडतो. बॅनर पडक्या इमारतीच्या ढिगाऱ्यात उघडाच जागा होतो, आणि तिथला म्हातारा रखवालदार त्याला काय झालं ते सांगतो. बॅनरची पहिली काळजी कोणती? आपल्यामुळे कुणाला दुखापत झाली का. हे अवसार उतरल्यावरचंच बोलणं आहे. 'रूप पालटणे' मध्ये हे विचारणं बसतच नाही, कारण रूप पालटणाऱ्याला आपण काय केलं ते ठाऊक असतं.

गुहागरची सुपारी
आमच्याकडे 'वारं येतं' म्हणतात. 'तिच्या अंगात वारं आलं.' ताई म्हणतेय ते सगळं तसंच. कांतारा (२०२२) हा कन्नड सिनेमा बघताना माझ्या शेजारची आजी शेवटच्या भागात हात जोडून बसली होती. ती भाषा तिची नव्हती, भूतकोला, म्हणजे तिकडचा दैव अंगात येण्याचा विधी, तिने कधी पाहिला नव्हता, पण नायकाच्या अंगात गुळिग हा दैव येतो हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. माझ्या मते आपल्याकडचा खरा सुपरहिरो सिनेमा तो. हल्कच्या वेळी हीच आजी 'ह्याला काय झालं' असं विचारत होती. म्हणजे शब्द एकच वापरला तरी बघणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट होत नाही, हे काकांचं म्हणणं मी थोडं मान्य करीन.

अवसार हा शब्द आला कुठून पण?

राजापुरी पंचा
अवसर म्हणजे संधी, वेळ. देवाला माणसाच्या तोंडून बोलायची वेळ, तो अवसर. सिंधुदुर्गात त्याचा अवसार झाला.

तळकोकणी बाय
मला तो अवतारच वाटतो, काका. अव म्हणजे खाली. देव खाली उतरतो तो अवतार, माणसात उतरतो तो अवसार. तो 'उतरतो' असंही आपण म्हणतोच.

राजापुरी पंचा
'त'चा 'स' कसा होईल? दुसरं उदाहरण द्या.

पांढरा कांदा
व्युत्पत्ती बाजूला ठेवून सिनेमाकडे या. तुम्ही सगळे एकच हल्क धरून बसलाय. १९६२ च्या पहिल्या कॉमिकमध्ये तो राखाडी होता, छपाईत तो रंग नीट येईना म्हणून हिरवा झाला. तिथपासून त्याचं काही ना काही बदलतच आलंय. २०१२ च्याच सिनेमात शेवटच्या लढाईआधी बॅनर सांगतो की आपण कायमच रागात असतो, आणि चालता चालता हवा तेव्हा हल्क होतो. इथे अवसार संपला. बोलावून येणारा आणि आपल्या ताब्यात राहणारा अवसार कुठे असतो? २०१९ च्या एंडगेममध्ये तर तो चष्मा लावून हॉटेलात बसतो आणि लहान मुलं त्याच्यासोबत फोटो काढतात. बॅनर आणि हल्क एकच झाले, कायमचे. त्याला 'रूपांतर' म्हणा, मी हरकत घेणार नाही. आणि मला विचाराल तर तिथेच हल्क मेला. भीती गेली की त्या पात्रात उरलं काय?

तळकोकणी बाय
बोलावल्यावर येतो की. ढोल कशाला वाजवतात मग? गाऱ्हाणं कशाला घालतात? शेवटच्या हल्कबद्दल मात्र तुझ्याशी सहमत. मला तो बघवला नाही.

कर्लीकाठ
म्हणजे २०१९ च्या आधी 'अंगात येतो' आणि नंतर 'रूपांतर', असं लिहू का? आणि सोंगाचं कुणी बोललंच नाही.

राजापुरी पंचा
सोंगाला खोटेपणाचा वास आहे. 'काय सोंगं करतोस', 'आजारपणाचं सोंग घेतलं'. सुपरमॅनसारख्या सत्यवचनी माणसाला ते लावू नये. वेषांतर हा चांगला शब्द आहे, शिवकाळापासून गोष्टींत येतो.

पांढरा कांदा
खोटेपणाचा वास आहे म्हणूनच तो हवा! क्लार्क केंट खोटाच आहे. १९७८ च्या सिनेमातला एक प्रसंग सांगतो, सगळं मिटेल. लॉइसला, म्हणजे क्लार्कच्या सहकारी पत्रकार मुलीला, घेऊन सुपरमॅन आकाशात फिरून आलाय. तो जातो आणि लगेच क्लार्क म्हणून दारात हजर होतो. ती तयार व्हायला आतल्या खोलीत जाते. हा बाहेर एकटा उभा, खांदे पडलेले, पाठीला पोक. मग तो चष्मा काढतो. कपडे तेच, केस तेच, पण पाठ सरळ होते, छाती रुंदावते, उंची वाढल्यासारखी वाटते, आवाज खाली उतरतो. सगळं सांगून टाकणार, इतक्यात त्याचा धीर सुटतो. चष्मा पुन्हा नाकावर, पाठीला पोक, आवाज पातळ. मधे एकही कट नाही की कुठला ट्रिकसीन नाही, फक्त क्रिस्टोफर रीव्हचं अंग. सुपरहिरो सिनेमांत याहून चांगला अभिनय मी पाहिलेला नाही. आता सांगा, यात वेष कुठे बदलला? वेषांतर नाहीच ते. ते सोंग आहे आणि त्याने ते वठवलंय.

तळकोकणी बाय
हे दशावतारातलं सोंग झालं. आमच्याकडे सोंग हा मानाचा शब्द आहे. नट स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो, छोटा आरसा पुढ्यात घेऊन. लिहिलेलं नाटक नसतं, आख्यान तेवढं ठरलेलं, बाकी उभ्या उभ्या बोलायचं. दिवसा शेतात दिसणारा माणूस रात्री राजपार्ट करतो, पहाटेपर्यंत गाव त्याला राजाच मानतं. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. 'सोंग बरा वठयल्यान' असं म्हणतात. घाटावर तमाशा-बहुरूप्यांमुळे सोंगाची किंमत उतरली असेल, कोकणात नाही.

राजापुरी पंचा
बाई, राजापूरही कोकणातच आहे, आणि आमच्याकडे शिमग्यातल्या सोंगांना मान असला तरी घरात 'सोंग करू नको' हे ओरडूनच सांगतात. दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, म्हणून तर लेखात तो शब्द नको. वाचणाऱ्याने कुठला घ्यायचा?

गुहागरची सुपारी
सोंग मूळचं स्वांग, म्हणजे स्व-अंग. स्वतःच्या अंगावर घेतलेलं. त्यात खोटं काही नाही.

आणि म्हण आहेच, सगळी सोंगं घेता येतात, पैशाचं घेता येत नाही. बॅटमॅन नेमका इथे वेगळा पडतो. मुखवट्यामागच्या ब्रूस वेनकडे पैसा खरा आहे, पण उडाणटप्पू श्रीमंताचं त्याचं वागणं सोंग आहे. वटवाघळाचा पोशाख चढवला की मगच तो खरा. सुपरमॅन माणसाचं सोंग घेतो, बॅटमॅन श्रीमंताचं. स्पायडरमॅन कुठलंच घेत नाही. पीटर पार्कर हा खरोखरच पैसे नसलेला, गृहपाठ राहिलेला पोरगा आहे, मुखवटा चढवूनही तसाच बोलतो. म्हणून तो आमच्या पोरांना जवळचा. या तिघांना मिळून 'वेषांतर' लावलं तर तिघांमधला फरक पुसला जातो.

इंद्रजालवाला
उशिरा आलो. पण वेताळाला कुणी कसं विसरलं? इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून निघायची आणि १९९० ला बंद पडली. मराठी अंकांत फँटमला वेताळ म्हणत. ली फॉकने १९३६ साली काढलेला नायक, सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधीचा. त्याच्यात काही अंगात येत नाही, तो सोंगही घेत नाही. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, आणि बाहेरच्यांना वाटतं की तोच शेकडो वर्षं जगतोय. आपल्याला कळतो तो एकविसावा. याला क्रियापद कुठलं? मी म्हणेन 'गादीवर बसतो'. किंवा 'मान चालवतो'.

राजापुरी पंचा
ते भाषांतर मला तेव्हापासून चुकीचं वाटत आलंय. वेताळ प्रेतात शिरतो, झाडावर लोंबतो, विक्रमाला कोडी घालतो. फँटम हा धडधाकट जिवंत माणूस.

तळकोकणी बाय
काका, तो पुस्तकातला वेताळ. आमच्या आरवलीच्या वेतोबाला या एकदा. माणसाहून मोठी मूर्ती, हातात तलवार. लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. देवळात त्या वहाणा ठेवलेल्या दिसतात, केळ्यांचे घडही. फँटमचं इंग्रजी बिरुद 'चालणारं भूत' अशाच अर्थाचं आहे ना? मग ज्याने वेताळ हा शब्द निवडला त्याला आमचा वेतोबा माहीत असो वा नसो, शब्द नेमका पडलाय. गावासाठी रात्री चालणारा.

कर्लीकाठ
हे फार आवडलं. पण माझा प्रश्न हल्कचा होता.

इंद्रजालवाला
त्यावरून सुपरहिरोलाच शब्द सुचला: राखणदार. जागेचा असतो, दिसत नाही, अडचणीत धावून येतो, वर्षाला राखण, म्हणजे त्याचा मान, द्यावी लागते. गॉथमचा राखणदार बॅटमॅन.

गुहागरची सुपारी
सुंदर. पण राखणदाराला शीव असते. शिवेपलीकडचं तो बघत नाही. स्पायडरमॅन आणि बॅटमॅन बसतील, अ‍ॅव्हेंजर्स कसे बसणार? त्यांना सगळं विश्वच राखायचं असतं. आणि खरं सांगायचं तर शीव सोडली की सिनेमाही पातळ होतो. मिन्नल मुरली (२०२१) हा मल्याळम सिनेमा मला इतका भिडला तो त्यासाठीच. वीज पडलेला गावातला शिंपी, शेवटी गावालाच वाचवतो. नकाशावर बोट ठेवता येईल एवढीच त्याची दुनिया.

राजापुरी पंचा
शब्द घडवायचेच असतील तर नीट घडवा. 'अतिमानव' आहे, 'महानायक' आहे. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तिथून त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. चित्रपट, दिग्दर्शक हे शब्द त्यांचे. तेव्हाही लोक हसले होते. आज तुम्ही दिग्दर्शक हा शब्द सहज वापरता. कोकणाने हे काम करून दाखवलंय, म्हणून कोकणातल्या दिवाळी अंकात 'सुपरहिरो' छापलेला बघून मला वाईट वाटतं.

पांढरा कांदा
दिग्दर्शक रुजला, मान्य, आणि चांगला शब्द आहे. पण 'चित्रपट बघायला चाललो' असं घरातून निघताना कोण म्हणतं? सिनेमालाच जातो आपण. अतिमानव ऐकून तत्त्वज्ञानाचा तास आठवतो, महानायक म्हटलं की अमिताभ. सुपरहिरो हा शब्द पोरांच्या तोंडात मराठी होऊन बसलाय, त्याचं अनेकवचन बदलत नाही, त्याला 'सुपरहिरोगिरी' असा प्रत्ययही लागतो. अजून काय करायला हवं त्याने?

राजापुरी पंचा
-गिरी प्रत्यय फारसी आहे.

पांढरा कांदा
आणि राजापुरात दादागिरीला काय म्हणतात?

कर्लीकाठ
संपादकांशी आज बोललो. ढोल, ढिगाऱ्यातला प्रसंग, सगळं सांगितलं. 'अंगात येतो' नाहीच म्हणाले, 'अवसार' घाटावरच्या वाचकांना कळणार नाही म्हणाले. तडजोड म्हणून 'बॅनरच्या देहात हल्कचा संचार होतो' असं सुचवलंय. सोंगावर अजून निर्णय नाही.

राजापुरी पंचा
संचार चालेल. भारदस्त आहे. घ्या.

तळकोकणी बाय
चालेल कसा, काका? संचार देवीचाच होतो. कीर्तनात, जागरात, गोंधळात, सगळीकडे. देवाचा शब्द हल्कला लावायचा नाही ही तर तुमची पहिली हरकत होती. मग अवसाराला जे नाही म्हणालात ते संचाराला हो कसं झालं? तो संस्कृत आहे आणि अवसार मालवणी आहे, यापलीकडे दोघांत फरक काय ते मला सांगा.