हेडलाइटला दगड लागू नये म्हणून काय करता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, पण कामासाठी आठवड्यातून तीनदा पेठ रोडने जाणं होतं आणि पुढे एखादा खडीचा हायवा (डंपर) असला की संपलंच, ताडपत्री नावाला बांधलेली, मागच्या फाळक्यातून खडी सांडतच असते. परवा असाच टण्णकन आवाज आला, मला वाटलं काच गेली. घरी येऊन बघतो तर ड्रायव्हर साइडच्या हेडलाइटवर हरभऱ्याएवढा खड्डा आणि त्यातून केसासारखी एक बारीक चीर निघालीये. आत पाणी गेलेलं नाही अजून, पण पावसाळ्यात वाफ धरणार हे नक्की. नवीन पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागेल म्हणे, नुसती पुढची काच मिळत नाही (काच कसली, पॉलीकार्बोनेटचं प्लास्टिकच ते).

तर आता दुसऱ्या लाइटला तरी पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) लावावं म्हणतोय. टीपीयूवालं (लवचिक प्लास्टिकचं) घ्यायचं एवढं कळलंय, पीव्हीसीचं पिवळं पडतं. पण बारीक खडीला ठीक, मोठा दगड आला तर फिल्म काय करणार? कोणी जाळी लावलीये का, उजेड कमी होतो का त्याने? आणि चिरेत तात्पुरतं काय भरू, सिलिकॉन की रेझिन? अंबड, सातपूरकडे फिल्म नीट लावणारा माहीत असेल तर सांगा, कडेला बुडबुडे सोडणारे नकोत.

डंपरपासून लांब राहा हे बायकोने आधीच सांगितलंय 😄