मदत हवी आहे: पेशंट आजी 'नेश' म्हणतायत, म्हणजे नक्की काय?

सायली_आर: पटकन सांगा कोणीतरी, साडेसातला हँडओव्हर आहे. वॉर्डातल्या एक आजी सकाळपासून सारखं 'आय अ‍ॅम नेश' म्हणतायत, दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाल्या, बरोबरची सिस्टर केरळची, तिलाही माहीत नाही. हे काही लक्षण आहे का? नोट्समध्ये काय लिहू?

कोकणकडा: कुठल्या देशात आहात ते तरी लिहा! स्पेलिंग? 'निश मार्केट'मधला निश नाही ना?

दामले_काका: संस्कृत नश् धातू. शरीर झिजत चाललंय असं सांगतायत त्या. असे शेकडो शब्द आपल्याकडून गेलेत.

भाषावेडा: काका, इथे पेशंटचा प्रश्न आहे, अंदाजाने नका सांगू. सायली, त्या बोलताना शेवटी 'डक' म्हणतात का?

सायली_आर: हो हो! सगळ्यांनाच 'मी डक' म्हणतात. डर्बीशायरला आहे मी, इंग्लंड.

भाषावेडा: मग सुटलं. 'मी डक' म्हणजे 'माय डक', त्या भागातली लाडाची हाक. एन ई एस एच, नेश. डर्बीशायर, नॉटिंगहॅमशायर, स्टॅफर्डशायर या पट्ट्यातला बोलीतला शब्द, ज्याला थंडी अजिबात सोसत नाही तो नेश. जुन्या इंग्रजीत 'ह्नेशे' म्हणजे मऊ, नाजूक, पुढे सुरुवातीचा ह गळाला, जसा ह्रिंगचा रिंग झाला तसाच. जोसेफ राइटचा सहा खंडांचा बोलीकोश आहे (१८९८ ते १९०५), असे शब्द बघायला तोच काढायचा. लहानपणी गिरणीत कामाला होता हा माणूस, पंधराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं, पुढे ऑक्सफर्डला प्रोफेसर झाला!

दामले_काका: दोन्ही भाषा एकाच कुळातल्या, मग मूळ एकच असणार की.

भाषावेडा: नाही हो. नश् चं नातं लॅटिनच्या 'नेक्स'शी, म्हणजे मृत्यू. नेशमधला तो ह जर्मॅनिक भाषांत (इंग्रजी, जर्मन वगैरे) आधीच्या क पासून येतो, गॉथिकमध्येही (याच गटातली, आता लुप्त झालेली जुनी भाषा) 'ह्नास्कुस' आहे, मऊ याच अर्थाने. नश् च्या आधी तो क कुठून आणणार?

लेस्टरकर: आम्हाला ऑफिसात 'मार्डी' म्हणतात, ते पण हेच का? आणि थंडीचं म्हणाल तर मेरिनो लोकरीचे थर्मल घ्या, कॉटनचे घेऊच नका, घाम आला की अंगावर गार पडतात.

भाषावेडा: मार्डी वेगळं, कुरकुर करणारा, फुगून बसणारा.

वैद्यताई: शब्द राहू द्या, आधी टेंपरेचर बघा! ३५ च्या खाली असेल तर लगेच डॉक्टरला बोलवा. आणि या वयात सारखी थंडी वाजत असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन बघायला सांगाच, 'त्या तशाच आहेत' म्हणून सोडू नका.

सायली_आर: ३६.६ आहे, बघितलं. त्यांचा बेड खिडकीला लागून आहे आणि वरची झडप कोणीतरी उघडी ठेवलेली, ती लावली, अजून एक ब्लँकेट दिलं. नोट्समध्ये 'पेशंटला थंडी वाजते' एवढं लिहून टेंपरेचर टाकते. ब्लड रिपोर्टचं डॉक्टरांना विचारते. पळते आता.

दामले_काका: गॉथिकचं कुठे वाचायला मिळेल?

लेस्टरकर: आजींना पायमोजे पण द्या हो.