गोष्ट मरते ती विषयामुळे नाही

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की एचआयव्हीसारखा विषय पडद्यावर आला की प्रबोधन सुरू होतं आणि गोष्ट मरते. अर्धं पटलं. पण गोष्ट मारतो तो लेखकाचा आळस. पात्राला लागण झाली की एक तर त्याने शेवटच्या भागात खोकत मरायचं, नाहीतर पापाची शिक्षा भोगायची. तिसरा रस्ता सुचतच नाही.

तो रस्ता औषधांनी केव्हाच खुला केलाय. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या पार्टनर अभ्यासात ७८२ समलिंगी पुरुष जोडपी होती, दोघांपैकी एक एचआयव्ही-बाधित. बाधित जोडीदार उपचारांवर, रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी. कंडोम न वापरताही एकाकडून दुसऱ्याला एकही लागण झाली नाही. हे सांगायला पांढऱ्या कोटातला डॉक्टर कशाला हवा? (तो आला की मी रिमोट शोधतो.)

नव्या ओळखीतली दोन माणसं दाखवा. एकाला सांगायचंय. तो आधी भांडी घासतो, मग विनाकारण ओटा पुसतो, मग बोलतो. समोरची चिडते ती आजारावर नाही, इतके दिवस लपवल्यावर. मग ती बिचकत विचारते, "गोळी रोज घेतोस ना?" यात नाट्य कमी आहे का?

हर्पिसचं, म्हणजे जननेंद्रियांवर फोड आणणाऱ्या लैंगिक संसर्गाचं, तर याहून वाईट. तो पडद्यावर येतो तो थट्टेपुरताच. वास्तविक ओठावरचा हर्पिस बहुतेक वेळा हर्पिसच्याच विषाणूच्या एका प्रकाराने होतो, आणि त्याची लागण अनेकांना लहानपणीच झालेली असते. हसणाऱ्या प्रेक्षकांतही ते असणारच.