बाथरूमची टाइल सुटली तेव्हा तुम्ही काय लावलंत? अनुभव सांगा

शहापूरची लेक
आज सकाळी जाळीजवळच्या टाइलवर पाय पडला आणि ती डुगडुगली. कडेच्या सांध्यातनं गढूळ पाणी वर आलं. तो आवाज ऐकला आणि बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या घरातली न्हाणी डोळ्यापुढं उभी राहिली. बंबाशेजारची एक शहाबादी फरशी अशीच हलायची. आम्ही पोरं मुद्दाम तिच्यावर उभं राहून पाणी उडवायचो. एका दिवाळीत, पहिल्या आंघोळीच्या गडबडीत, आज्जी तिच्यावरनंच घसरली. मांडीचं हाड मोडलं. पुढं ती कधी नीट चालली नाही.

आता घरात सासूबाई आहेत, काठी घेऊन चालतात. त्यामुळं "बघू नंतर" म्हणून सोडवत नाही. दुकानात गेले तर समोर पांढरा गम, ट्यूबमधला सिलिकॉन, दोन डब्यांचं इपॉक्सी, वीस किलोचं पोतं. सगळ्यांवर टाइलचं चित्र. ज्यांनी हे काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी सांगा, काय लावलं आणि टिकलं का. टाइल एक बाय एकची व्हिट्रिफाइड आहे.

खानापूरवाला
सिलिकॉन नको अक्का. ते भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्याच्या सांध्याला. टाइलखाली नाही.

निपाणीची सून
आज्जीचं वाचून पोटात कालवलं. आमच्या सासरी पण मामंजी असेच पडले होते.
आमच्याकडं गवंड्यानं टाइलच्या पाठीवर पाच गोळे ठेवून दाबून बसवलेली. वरनं एकदम सरळ, छान. पण गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी साचायचं आणि खोलीभर कुबट वास. सगळे म्हणायचे ड्रेनेजचा. टाइल उचलली तेव्हा खाली काळं पाणी. दुसऱ्या गवंड्यानं दातेरी पट्टीनं सगळीकडं केमिकल ओढून बसवली, तेव्हापासून वास नाही. डब्याचं नाव काय होतं ते आठवत नाही, पण कसं लावलं ते बघून ठेवलंय.
कुकर लावलाय, येते परत.

गवंडीकाम अनगोळ
ताई, आधी काही विकत घेऊ नका. सुटलेली टाइल काढा आणि उलटी करून बघा.
पाठ कोरी असेल, सिमेंट-वाळूचा मसाला सगळा खालीच राहिला असेल, तर टाइलनं मसाला कधी धरलाच नव्हता. पाठीला मसाल्याचा थर घेऊन आली तर खालच्या कोब्यानं, म्हणजे सिमेंटच्या जमिनीनं सोडलंय. आणि मसाला बोटानं चुरला तर तो पार काढून टाकायचा, त्याच्यावर कितीही महागाचं लावा, चुऱ्याला चिकटून बसणार आणि चुऱ्यासकट सुटणार.
काढायच्या आधी चारी बाजूचा सांधा जुन्या हॅक्सॉ ब्लेडनं मोकळा करा. नाहीतर पहारीच्या दणक्यानं शेजारचीचा टवका उडतो. शेजारच्या सगळ्यांवर नाण्यानं टकटक करून घ्या. भरीव आवाज आणि पोकळ आवाज लगेच कळतो.

टिळकवाडी, निवृत्त
वर अनगोळच्या गवंड्यांनी लाखातलं सांगितलं. त्याच्या मागचं कारण सांगतो, नोकरीभर बांधकामंच बघितली आहेत.
व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पितच नाही, अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांच्या वर पिते. सिमेंटची स्लरी सिरॅमिकच्या छिद्रांत शिरून धरते. व्हिट्रिफाइडला शिरायला छिद्रंच नाहीत, म्हणून साध्या सिमेंटवर बसवलेली काही वर्षांत कोऱ्या पाठीनं वर येते. तिला पॉलिमर घातलेलं सिमेंटचं अ‍ॅडेसिव्ह लागतं. पोत्यावर आयएस १५४७७ हे मानक बघा आणि खाली टाइप कुठला ते बघा. टाइप १ घरातल्या साध्या सिरॅमिकला. ओल्या जागेतल्या व्हिट्रिफाइडला किमान टाइप २. परदेशी पद्धतीनं लिहिलेलं असेल तर सी १ नको, सी २ घ्या.
पांढरा गम फर्निचरचा. सतत पाणी लागलं की परत मऊ पडतो. डब्यात तयार मिळणारी पेस्टही जमिनीला नको. ती हवेनं वाळते, आणि व्हिट्रिफाइडखाली हवा जाणार कुठनं? कोरड्या भिंतीला ठीक.

हल्याळ
कुणी अ‍ॅसिडचं बोललंच नाही. आमच्या वाड्यात दर रविवारी बाथरूम अ‍ॅसिडनं घासायची सवय. सांध्यातलं सिमेंट त्यानं खाल्लं, खड्डे पडले, तिथनं पाणी खाली गेलं आणि एकेक टाइल हलायला लागली. आता सांधे इपॉक्सी ग्राउटनं, म्हणजे सांधे भरायच्या इपॉक्सीच्या लगद्यानं भरलेत आणि अ‍ॅसिडची बाटली घरातच आणत नाही.

वडगाव माग
शहापुरात कुठं अक्का? आमचं आजोळ पण तिकडंच.

शहापूरची लेक
खासबागेजवळ, रविवारचा बाजार भरतो तिथनं आत.

वडगाव माग
अगं मग तुमचं घर मी बघितलंय, मोठ्या पडवीचं! आज्जी दारात बसून वाती वळायच्या त्याच ना? फार मायेच्या बाई.
आमची तऱ्हा वेगळी. भिंतीच्या पलीकडं चार माग चालतात, पाय टेकवला की जमीन थरथरते. खाली काळी माती, उन्हाळ्यात भेगा आणि पावसात फुगते. दोनदा बसवलेली टाइल दोन्ही वेळा सुटली. शेवटी एका जाणत्यानं एस १ लिहिलेलं आणायला सांगितलं, ते किंचित लवतं म्हणे. त्यानंतर हललेली नाही. पोतं महाग पडलं, पण तिसऱ्यांदा फोडाफोड कोण करतंय.

टिळकवाडी, निवृत्त
बरोबर. सी २ च्या पुढं एस १ म्हणजे वाळल्यावरही थोडं वाकू शकणारं. थरथरणाऱ्या जागेला, जुन्या लाकडी माडीवर, टाइलवर टाइल बसवताना तेच घ्यावं.

उद्यमबाग दुसरी पाळी
जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. दोन डब्यांचं इपॉक्सी पकडीला सगळ्यात जबर, फाउंड्रीत पॅटर्नला रोज वापरतो. पण ते वाळत नाही, रसायनानं जमतं. त्यामुळं दोन्ही भाग डब्यावर सांगितलेल्या मापानंच घ्यायचे. "थोडं हार्डनर जास्त घालू, लवकर बसेल" म्हणणाऱ्यांचं काम चिकट राहिलेलं बघितलंय. आणि बहुतेक इपॉक्सीला खालची जागा पूर्ण कोरडी लागते.
टाइल न काढता सांध्यात बारीक भोक पाडून पातळ इपॉक्सी सोडायची पण एक पद्धत आहे. जमीन घट्ट आणि नुसती पोकळी असेल तर चालते. अक्काच्या टाइलखालनं पाणी येतंय, तिथं नको.

खानापूरवाला
कोरडी जागा म्हणजे आमच्याकडं पावसाळ्यात स्वप्नच. कणकुंबीकडं तर चुलीवर टांगलेलं कापड पण वाळत नाही. म्हणून इकडं सिमेंटचंच अ‍ॅडेसिव्ह बरं, ओलसर चालतं, फक्त साचलेलं पाणी नको. तरी गावातलं असलं काम आम्ही दिवाळीनंतरच काढतो.

शहापूरची लेक
टाइल काढली! पाठ एकदम कोरी. कंपनीची नक्षीसुद्धा स्वच्छ दिसते. खालचा मसाला घट्ट आहे, वरचा पातळ थर तेवढा निघाला. शेजारची एक पण पोकळ वाजते. पाणी मात्र सांध्यातनंच जातंय असं वाटतं, नळ बंद ठेवून बघितलं तर खाली नवीन येत नाही.

गवंडीकाम अनगोळ
मग सोपं झालं. दोन्ही काढा. मसाला ठेवा, पण छिन्नीनं वरनं थोडा खरवडून घ्या. अ‍ॅडेसिव्हला तीन ते सहा मिलीमीटरची जागा लागते, नाहीतर टाइल वर येईल आणि पाणी जाळीकडं जायचं थांबेल. धूळ ओल्या फडक्यानं पूर्ण काढा. ज्यांच्याकडं खड्डाच पडलाय त्यांनी तो अ‍ॅडेसिव्हनं भरू नका, आधी सिमेंट-वाळूनं लेवल करून ती मुरू द्या.
बादलीत आधी पाणी, मग पावडर. घोटायचं, पाच-दहा मिनिटं ठेवायचं, परत घोटायचं. नंतर घट्ट वाटलं म्हणून पाणी घालायचं नाही. दातेरी पट्टी एकाच दिशेनं ओढायची, टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. एक टाइल बसवून लगेच उचलून बघा, पाठ सगळी भरलेली दिसली पाहिजे. ओढलेल्याला बोट लावून चिकटलं नाही तर पापुद्रा आला, खरवडून नवीन घ्या.
आणि टाइल पाण्यात भिजत घालू नका. ती सवय जुन्या सिरॅमिकची.

निपाणीची सून
आले परत. ताई, सासूबाईंना किती वेळ आत जाऊ द्यायचं नाही ते पण विचारा.

टिळकवाडी, निवृत्त
निदान चोवीस तास पाय नको. सांधे त्यानंतर भरायचे. पाणी ओतायची घाई अजिबात नको, पोत्यावर दिलेली मुदत पाळा. तोवर त्यांची सोय दुसरीकडं करा. काम काढलंच आहे तर भिंतीला स्टीलचा दांडा पण ठोकून घ्या, हाताला आधार होतो.

शहापूरची लेक
दांडा उद्याच आणते. मनापासून आभार काका, आणि अनगोळच्या दादांचे तर किती मानू. दोन टाइलला पोतं खूप होईल, उरेल ते कुणाला हवं का?

निपाणीची सून
मला! जिन्याच्या दोन पायऱ्या राहिल्यात, त्या पण व्हिट्रिफाइडच्या. गुरुवारी माहेरी बेळगावला येतेय, बसस्टँडवरनं तुमच्याकडं येऊन घेऊन जाते. तोंड घट्ट बांधून ठेवा हं, दमट हवेनं पावडरीचे खडे होतात.

वडगाव माग
येताना निपाणीचं काही नको, जाताना मात्र आमच्याकडं चहाला थांबून जा.