ढोली अजून उभी आहे

सोसायटीचा ग्रुप, सहकारनगर, पुणे. शनिवार संध्याकाळ.

५:४२ ए-३०४ काकू
सगळ्यांनी वाचा. ओढ्याकाठच्या बागेत झाडं तोडली आहेत. छाटली नाहीत, तोडली. मी आत्ता तिथेच उभी आहे. दोन करंज आणि औदुंबर बुडापासून गेले. मोठ्या पर्जन्यवृक्षाच्या सगळ्या फांद्या उतरवल्यात, नुसता बुंधा उभा आहे. "हे उद्या" म्हणून माणसं निघून गेली.

५:४३ ए-३०४ काकू
[चार फोटो]

५:४४ डी-४०२ वहिनी
अगं बाई, औदुंबर पण? दर गुरुवारी दिवा लावते मी तिथे.

५:४६ बी-१०५ ताई
दुपारपासून मशीनचा आवाज येत होता. मला वाटलं पावसाळ्याआधीची छाटणी चाललीय. दरवर्षीच असते, म्हणून खिडकी लावून घेतली.

५:४७ सी-३०२
आम्हालाही तेच वाटलं.

५:४९ सेक्रेटरी
काकू, माणसं कोणाची होती? गाडीवर काही लिहिलं होतं का?

५:५३ ए-३०४ काकू
काही नाही. छोटा हत्ती होता, नंबर प्लेटवर चिखल. चौघं जण आणि एक मुकादम. मी म्हटलं, दादा, ऑर्डर दाखवा. तो म्हणाला, वरून सांगितलंय, छाटणी आहे. कागद मागितला तर फोन कानाला लावून लांब गेला. त्या पोरांवर मी आवाज चढवला नाही. ती रोजावरची, त्यांना काय माहीत. एकाने पाणी मागितलं, बाटली दिली.
महत्त्वाचं म्हणजे एकाही झाडावर नोटीस नव्हती. पडलेले ओंडकेसुद्धा फिरून फिरून पाहिले. कागद सोडा, खिळ्याचं भोक किंवा डिंकाचा डागही नाही.

५:५८ बी-२०३
मला एक सांगायचंय. मार्चमध्ये मीच फांद्यांसाठी अर्ज दिला होता. गेल्या जूनमध्ये पर्जन्यवृक्षाची फांदी माझ्या गाडीवर पडली, मागची काच फुटली. दोन मिनिटं उशीर झाला म्हणून, नाहीतर मुलगी आत बसलेली असती. रस्त्यावर आलेल्या दोन फांद्या छाटाव्यात, एवढंच लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. माझ्या अर्जाचा आधार घेऊन कोणी हे केलं असेल तर मला आज झोप लागायची नाही.

६:०१ सी-१०१ नाना
अरे, तू अर्ज दिलास, कुऱ्हाड नाही चालवलीस. पोच आहे ना तुझ्याकडे? शिक्क्याची? तिचा फोटो टाक. मागणी दोन फांद्यांची होती हे त्यावरूनच सिद्ध होईल. उलट आपल्या कामाचा कागद आहे तो.

६:०३ बी-१०५ ताई
बागेच्या मागच्या प्लॉटवर आठवड्यापूर्वी होर्डिंगचा लोखंडी सांगाडा उभा राहिलाय. कालपर्यंत झाडांआड होता. आता मेन रोडवरून सरळ दिसतो.

६:०४ सी-१०१ नाना
दिसतो ते दिसतो म्हणून लिहायचं. कोणी केलं ते आपण लिहायचं नाही, ते तपासणाऱ्यांचं काम. ग्रुपवरही कोणाचं नाव नको.

६:०९ डी-१०३
सगळ्यांच्या भावना समजतात. पण दुसरी बाजूही बघा. पर्जन्यवृक्ष ठिसूळ असतो, वादळात पहिला तोच पडतो. आणि झाड परदेशी आहे. त्याच्या जागी कडुनिंब, बहावा, ताम्हण अशी देशी झाडं लावली तर बिघडलं काय? एकाला दहा लावू. मी स्वतः पैसे देतो.

६:२६ ए-३०४ काकू
दादा, तुमचा मुद्दा टाकून देण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते. शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, थोडं लांबेल.
पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा, बरोबर. फांद्या पसरट आणि जड असतात, वाऱ्यात मोडतात, तेही बरोबर. पण म्हणून तो कोणीही, कधीही कापावा असं होत नाही. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ पासून वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. त्यात झाड देशी की परदेशी हा प्रश्नच नाही. झाड धोकादायक असेल तर परवानगी मिळते, ती वाट कायद्यानेच ठेवली आहे. पण आधी अर्ज, मग वृक्ष अधिकाऱ्याने प्रत्यक्ष येऊन पाहणं, वर्तमानपत्रात सूचना, आणि झाडाच्याच अंगावर सहज दिसेल अशी नोटीस. ती नोटीस कशासाठी असते? तुम्ही-आम्ही वाचावी आणि हरकत घ्यावी म्हणून. बाग सगळ्यांची, म्हणून त्या झाडाच्या वतीने बोलायचा हक्कही सगळ्यांचा. आज नोटीस नव्हती म्हणजे तुम्हाला, मला, वहिनींना, त्या दिव्याला कोणी विचारलंच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. झाड पुढे राहावं की जावं यावर आपण भांडू, पण न विचारता नेलं हे चालणार नाही.
आणखी एक. या कायद्यात "तोडणे" म्हणजे फक्त बुडातून कापणे नव्हे. जाळणे, कापणे, कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे हे सगळं त्यात येतं. त्यामुळे "आम्ही बुंधा ठेवलाय, ही छाटणीच आहे" हे चालत नाही.
एकाला दहाचं म्हणाल, तर तीन वर्षांपूर्वी आपण गेटबाहेर अकरा रोपं लावली. आज किती आहेत? मी रोज पाणी घालते म्हणून सांगते, चार. बाकी सात ठिकाणी जाळीच्या पिंजऱ्यात काड्या उभ्या आहेत.

६:३१ डी-१०३
चार हे माहीत नव्हतं. ठीक आहे काकू. काय करायचं सांगा.

६:३३ सेक्रेटरी
मी ११२ ला फोन केलाय. पोलीस येऊन पाहतो म्हणाले. महापालिकेच्या तक्रार ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली, नंबर मिळालाय. उद्या रविवार, कचेरी बंद. लेखी अर्ज सोमवारीच देता येईल.

६:३५ सी-१०१ नाना
सोमवारपर्यंत काही उरायचं नाही. आज रात्रीत ओंडके जातील, उद्या बुंधा जाईल, परवा खुंटांवर माती पडेल. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलीत मी. पंचनाम्याला वस्तू लागते. ती नसली की सगळे म्हणतात, इथे झाड होतंच कुठे?
प्रत्येक खुंटाचा घेर टेपने मोजा. टेप दिसेल असा फोटो काढा. फोटोत मागे बागेची भिंत किंवा दिव्याचा खांब आला पाहिजे, जागा ओळखू यावी म्हणून. फोनचं लोकेशन चालू ठेवा.

६:३८ बी-२०३
टेप माझ्याकडे आहे. निघालो.

६:५२ बी-२०३
औदुंबराच्या खुंटाला एकशे नव्वद सेंटीमीटर. दोन्ही करंज सव्वाशेच्या आसपास. पर्जन्यवृक्ष माझ्या छातीच्या उंचीला तीनशे साठ. टेप पुरेना, दोनदा लावली. करंजाच्या खुंटातून अजून पाणी पाझरतंय. खाली सगळा फुलांचा सडा, त्यावर भुसा.

६:५५ ए-३०४ काकू
शाब्बास. आता सगळ्यांनी एक काम करा. जुने अल्बम काढा.
२०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड असेल तर ते वारसा वृक्ष. आणि झाड तोडायची परवानगी मिळाली तरी त्याच्या बदल्यात रोपं लावायची ती झाडाच्या वयाइतकी. म्हणजे वयाला फार किंमत आहे. आपल्या हवेत पर्जन्यवृक्षासारख्या झाडांची वर्तुळं थंड देशातल्या झाडांसारखी स्वच्छ मोजता येत नाहीत, त्यामुळे खुंट पाहून कोणीही "वीस वर्षांचं असेल" म्हणून मोकळा होईल. आपली सोसायटी १९८४ ची. त्या वेळचा एखादा फोटो, मागे ते झाड दिसणारा, कोणाकडे तरी असणारच.

७:२० सी-१०१ नाना
[फोटो]
धाकट्याची मुंज, मे १९८६. बागेत जेवणं झाली होती. डावीकडे पाटावर बसलेल्या आमच्या आईच्या मागे पाहा. बुंधा तेव्हाच तिच्या दोन्ही हातांत मावला नसता. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का आणि तारीख आहे, त्याचाही फोटो टाकतो.

७:२२ डी-४०२ वहिनी
नाना, डोळ्यांत पाणी आलं. आजी किती छान दिसतायत.

७:२४ सी-३०२
वृक्षगणनेत पण असणार ना ही झाडं? कायद्याने दर पाच वर्षांनी गणना करायची असते. जात, घेर सगळं लिहितात त्यात.

७:२५ सी-१०१ नाना
उत्तम. अर्जात तो मुद्दा घे. सोमवारी माहिती अधिकाराचाही अर्ज टाकू. मजकूर दीडशे शब्दांत, एकच विषय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अमुक तारखेला या बागेतली झाडं तोडायला परवानगी दिली होती का, असल्यास आदेशाची आणि नोटिशीची प्रत द्यावी. बास. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

७:४१ बी-१०५ ताई
हा माझा मुलगा लिहितोय, नववीतला. त्याला लिहू देते.
काकू, पर्जन्यवृक्षाच्या बुंध्यात वर जी ढोली आहे, तिथे धनेश आहेत. राखी धनेश. मी मार्चपासून गच्चीवरून बघतोय, वहीत लिहिलंय. २२ मार्चपासून मादी बाहेर दिसली नाही. नर रोज येतो. आज दुपारी मशीन चालू होती तेव्हा तो समोरच्या वायरवर बसून ओरडत होता. मी आईला म्हटलं पण आम्हाला कळलं नाही काय करायचं.

७:४३ ए-३०४ काकू
बाळा, तू फार मोठं काम केलंस. वहीच्या पानांचे फोटो टाक.
बाकीच्यांसाठी सांगते. धनेशाची मादी विणीच्या वेळी स्वतःला ढोलीत कोंडून घेते. आपली विष्ठा आणि मातीने तोंड लिंपते, चोचीपुरती उभी फट ठेवते. आत तिची पिसं झडतात, तिला उडता येत नाही. ती आणि पिल्लं काय खातील ते सगळं नराने त्या फटीतून आणून द्यायचं. उद्या बुंधा पडला तर ती बाहेर पडूच शकणार नाही.

७:४४ डी-१०३
उद्या बुंधा पडणार नाही.

७:४९ सेक्रेटरी
वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन केला. घरटं असल्याचं सांगितलं, नोंद घेतली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली घरटं मोडणं हाही गुन्हा आहे, ते पोलिसांनाही सांगतो. रात्री बागेत पाळ्या लावू. दोघं-दोघं. कोणी ढोलीच्या जवळ जायचं नाही, टॉर्च वर मारायचा नाही. वाद घालायचा नाही. कोणी आलं तर फोटो काढायचा आणि ११२.

७:५१ बी-२०३
पहिली पाळी माझी. रात्रभर बसायला सांगितलं तरी बसतो.

७:५३ सी-१०१ नाना
मी बारा ते तीन. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीही मी जागाच होतो. आंबिल ओढा चढला तेव्हा बागेची भिंत गेली, पण करंजांपाशी काठ सुटला नाही. मुळांनी धरून ठेवला. त्या वेळी जे जागे होते त्यांनी पाहिलंय. ते दोन्ही करंज आज नाहीत, तर यंदाच्या पावसाळ्याचा विचार मला आत्तापासून पडलाय.

८:०२ सी-३०२
२०२३ मध्ये नदीकाठच्या झाडांसाठी मी मोर्चाला गेले होते, तेव्हा वाटलं होतं आपल्या दारात असं काही होणार नाही. तीन ते सहा मी आणि आमचे हे.

११:१५ बी-२०३
पोलीस येऊन गेले. फोटो घेतले, नोंद केली. ओंडके हलवू नका असं वॉचमनला बजावलंय.

रविवार

सकाळी ६:३९ ए-३०४ काकू
नर आला. आधी औदुंबर होता त्या बाजूला गेला, दोन घिरट्या घातल्या. बसायला काही नाही. मग वायरवर बसला. बराच वेळ बसला, मी श्वास धरून होते. मग उडून ढोलीच्या तोंडाला बिलगला. गळ्यातून एकेक फळ वर काढून चोचीच्या टोकाशी आणत होता, आणि फटीतून आतली चोच बाहेर येऊन ते घेत होती. सात वेळा. मादी जिवंत आहे.

६:४० डी-४०२ वहिनी
दत्तगुरूंची कृपा. चहा घेऊन येते, किती जण आहात?

८:२२ सेक्रेटरी
टेम्पो आला होता. तोच मुकादम. आम्ही वीसेक जण होतो, बीट मार्शलही होते. आदेश मागितला, दाखवता आला नाही. परत गेला. गाडीचा नंबर या वेळी नीट दिसला, पोलिसांनी लिहून घेतलाय. उद्यान विभागातून फोन आला, उद्या अकराला पाहणीला माणूस येतोय. नाना, मुंजीचा फोटो आणि पोच घेऊन तुम्ही हवेत.

८:२४ सी-१०१ नाना
दहालाच येऊन बसतो. तोवर पाळ्या मोडू नका.

८:३० डी-१०३
नऊ ते अकरा मी. घरची मोठी छत्री आणतो, बसणाऱ्यांना सावली हवी. आता तिथे सावली नाही.

९:०५ बी-१०५ ताई
परत मुलगा लिहितोय. अकरा ते एक मी बसू का? वही आणतो. आजची नोंद: ६:३५ ते ९:००, नर चार वेळा. फळं उंबराचीच आहेत, मी दुर्बिणीने पाहिली. पर्वतीच्या बाजूने येतो. कुठल्या झाडावरून आणतो ते शोधतोय.