पद्मिनी थंडीत सकाळी पकडत नाही, कार्बोरेटरची वाटी रात्रीत रिकामी होतेय

मंडळी, मदत हवी आहे. घरी वडिलांची १९९४ची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी पेट्रोल, हाताने ओढायचा चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी झडप). नाशिकला थंडी पडल्यापासून सकाळी सुरू व्हायला फार त्रास देते. चोक पूर्ण ओढून १०-१२ वेळा सेल्फ मारावा लागतो, तोवर बॅटरी मान टाकते. एकदा पकडली की दिवसभर तक्रार नाही, गरम असताना तर अर्ध्या सेल्फला सुरू होते.

बॅटरी ६ महिन्यांची, प्लग नवे, पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारा संपर्क) साफ करून गॅप लावून घेतलाय. करंट चांगला निळा येतो.

मग एअर फिल्टर काढून टॉर्च मारली. चोकची पट्टी पूर्ण मिटत नव्हती, काडेपेटीतली काडी जाईल एवढी फट होती. केबल आवळली, थोडाच फरक पडला. खरी गोम पुढे कळली. गाडी गरम असताना बंद करून हाताने ॲक्सिलरेटर ओढला की कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक चिळकांडी उडते. सकाळी तेच केलं तर कोरडं ठाक! म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठायची वाटी रात्रीत रिकामी झालेली. एसी पंपाची (टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनवरचा पंप) पट्टी हाताने २०-२५ वेळा मारली की चिळकांडी येते आणि गाडी दुसऱ्या सेल्फला पकडते.

आधी वाटलं, पंपाचा व्हॉल्व गळून पेट्रोल टाकीकडे परत जात असेल. पण पेट्रोल वाटीत वरून येतं, त्यामुळे पाइप रिकामा झाला तरी वाटी भरलेली राहायला हवी. एवढ्या थंडीत एका रात्रीत उडून जाईल हेही पटत नाही. बाहेर कुठे ओल नाही. म्हणजे आतूनच मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीत) झिरपतंय का? काल डिपस्टिक काढली तर ऑइलला पेट्रोलचा वास आला, तेव्हापासून जास्त काळजी वाटतेय. ऑइल पातळ झालं तर बेअरिंग जातील.

गॅरेजवाले म्हणतात, कार्बोरेटर काढून टाका, दुसरा जुना बसवू. मला मूळचाच ठेवायचाय. जेटचे (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांचे) वॉशर आणि गॅस्केट बदलून ही गळती थांबते का? की बॉडीच वाकलेली असते? उघडल्यावर आधी काय बघू? जुने रबरी पाइप इथेनॉलच्या पेट्रोलमुळे कडक झालेत, ते तर बदलणारच आहे.

झाकणभर पेट्रोल घशात ओतायचा सल्ला कृपया देऊ नका. बॅकफायर झाला तर बॉनेटखाली भडका उडतो. कुणी स्वतः हा कार्बोरेटर खोलला असेल तर सविस्तर सांगा, ऑइल मी उद्याच बदलतोय.