कूलंट कमी होतंय पण गळती कुठेच दिसत नाही, हेड गॅस्केटच समजायचं का?

रिकामी_बाटली:

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. गाडी १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, ९० हजार किमीच्या पुढे पळालेली. गेले काही आठवडे कूलंटची बाटली मॅक्सपर्यंत भरली की हळूहळू मिनच्या खाली जाते, आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला तर सकाळी पुठ्ठा कोरडाठाक. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की थोडा वेळ इंजिन थरथरतं, एक सिलिंडर मिसिंग मारतोय (पेटत नाहीये) असं वाटतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि मग सगळं सुरळीत, जसं काही झालंच नाही. टेम्परेचरचा काटा एरवी मध्यावरच असतो, फक्त एकदा चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा वर सरकला आणि गंमत म्हणजे तेव्हा हीटर लावून बघितला तर गार हवा. ऑइल फिलर कॅपच्या आत पिवळट चिकट थर आहे पण डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ दिसतंय. चेक लाईट एकदा लागली, मग आपोआप गेली.

मेकॅनिकने कॅप उघडली, तो थर बघितला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, हेड गॅस्केट (खालचा इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल. मला जरा घाई वाटतेय. खोलायच्या आधी खात्री कशी करायची? आणि तोवर गाडी चालवू का नको?

तेलकट_हात:

कॅपखालच्या थरावरून हेड उतरवायचं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं आहे. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत इंजिन पूर्ण तापतच नाही, आतली वाफ कॅपच्या गार पत्र्याला लागते आणि ऑइलबरोबर मिसळून मलईसारखा थर जमतो, गॅस्केट एकदम ठणठणीत असलं तरी. बघायचं असेल तर डिपस्टिक बघा, किंवा ऑइल ड्रेन करताना तळाला पाणी पहिलं येतं का ते बघा. तुमची डिपस्टिक स्वच्छ आहे म्हणजे कूलंट ऑइलमध्ये जात नाहीये, निदान फार तरी नाही.

पण म्हणून गॅस्केट चांगलंच आहे असंही नाही हां. गॅस्केट तीन गोष्टी वेगळ्या ठेवतं, सिलिंडरमधला गॅस, ऑइल आणि कूलंट, आणि ते कुठल्या दोघांमध्ये फाटलं त्यावर लक्षणं ठरतात. ऑइलला हात न लावता फक्त कूलंट आणि सिलिंडर यांच्यामध्ये फाटलं तर ऑइल अगदी नवीन दिसेल. तुमची सकाळची मिसिंग मला त्या कॅपपेक्षा जास्त खटकतेय. गाडी बंद केल्यावर सिस्टिममध्ये प्रेशर तसंच राहतं, ते रात्रभर थोडं थोडं कूलंट सिलिंडरमध्ये ढकलतं, सकाळी तो सिलिंडर ओला असतो, प्लग पेटत नाही, मग पाणी जळून गेलं की गाडी नॉर्मल. हीटरची गार हवासुद्धा त्याच कहाणीत बसते, लेव्हल खाली गेली किंवा आत गॅस साठला की हीटरच्या कोअरपर्यंत (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गरम कूलंट पोचतच नाही.

आधी फुकटातल्या गोष्टी करा. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा रेडिएटर कॅप सकाळी उघडा, फुस्स आवाज आला तर लक्षात ठेवा, थंड सिस्टिममध्ये प्रेशर उरायला नको. मग कॅप लावून स्टार्ट करा आणि वरचा होज पाईप हाताने दाबून बघा. इंजिन अजून गारच आहे आणि पाईप मिनिटाभरात दगड झाला, तर ते प्रेशर उष्णतेचं नाही, सिलिंडरमधून आलेलं आहे. कोड रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) असेल तर लाईट गेली तरी कोड बघा, पी०३०१ ते पी०३०४ या मिसिंगच्या कोडमधला शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर असतो. मग चारही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. एक प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ असेल तर तो तुमचा गुन्हेगार सिलिंडर.

आणि गरम असताना कॅपला हात लावू नका, हे सगळ्यांना माहीत असतं तरी लोक भाजतातच. १ बार प्रेशरखाली साधं पाणीसुद्धा १२० डिग्रीपर्यंत उकळत नाही, कॅप उघडली की ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

जुनी_डायरी:

एवढं लांब जायच्या आधी रेडिएटर कॅप बदला की राव. कॅपची स्प्रिंग ढिली झाली की प्रेशर धरत नाही, कूलंट लवकर उकळतं, ओव्हरफ्लोमधून वाफ होऊन जातं आणि जमिनीवर काही दिसत नाही. वॉटर पंपच्या खाली एक बारीक भोक असतं तिथून झिरपलेलं पण गरम ब्लॉकवर सुकून जातं, फक्त पांढरा किंवा रंगीत डाग राहतो. आणि पॅसेंजर साईडचं कार्पेट उचलून बघा, हीटर कोअर गळत असेल तर खाली ओलं लागेल आणि काच आतून चिकट धुरकट होईल. लोकांनी हेड उतरवून गॅस्केट बदललेत आणि कूलंट तरी जातंच आहे असं पाहिलंय.

तेलकट_हात:

कॅपचं बरोबर, पण कॅपमुळे सकाळी मिसिंग येत नाही. कॅप बदलायची तर बदला, त्याने प्रश्न सुटला नाही तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

फेसिंगवाला:

मी मशीन शॉपमध्ये आहे, हेड आमच्याकडे येतात तेव्हा खेळ संपलेला असतो म्हणून माझं मत मोजून घ्या :) प्लग बघून झाले की दोन टेस्ट करून घ्या.

एक, ब्लॉक टेस्टर. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवतात, त्यात निळं लिक्विड असतं, इंजिन गरम करून थर्मोस्टॅट (कूलंटचा रेडिएटरकडचा रस्ता उघडणारा वॉल्व्ह) उघडलेला असताना रबरी बल्बने कूलंटच्या वरची हवा त्या लिक्विडमधून खेचायची. हवेत एक्झॉस्टचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळं पिवळं होतं. कूलंटची लेव्हल आधी थोडी खाली करा नाहीतर ते नळीत येतं आणि टेस्ट वाया. डिझेलवाले वाचत असतील तर, डिझेल आयडलला खूप हवा घेऊन चालतं, एक्झॉस्टमध्ये सीओटू कमी असतो, रंग सावकाश आणि अर्धवट बदलतो. डिझेलमध्ये ईजीआर कूलर (इंजिनमध्ये परत सोडायचा एक्झॉस्ट कूलंटने गार करणारा भाग) फुटला तरी कूलंट गायब आणि पांढरा धूर, हुबेहूब गॅस्केट गेल्यासारखं, आधी तो बघा.

दोन, कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट. हातपंपाने कॅपवर लिहिलंय तेवढंच प्रेशर भरायचं, साधारण १ बारच्या आसपास असतं, जास्त भरू नका नाहीतर चांगला रेडिएटर फोडाल. इंजिन बंद, प्लग काढलेले, आणि जमलं तर रात्रभर तसंच सोडा. दहा मिनिटांत काटा हलला नाही म्हणून पंप काढून टाकणारे बरेच आहेत, बारीक फट तेवढ्यात बोलत नाही. सकाळी प्लगच्या भोकांवर कापड धरून, फ्यूएल आणि इग्निशन बंद ठेवून सेल्फ मारा, ज्या भोकातून फवारा आला तो सिलिंडर. प्लग लावलेले असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी भरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग गॅस्केट ही तुमची सगळ्यात छोटी अडचण असेल.

कम्प्रेशनपण (प्रत्येक सिलिंडर किती दाब करतो ते) मोजून घ्या पण त्यावर फार विसंबू नका. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले दिसले तर त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी गेली हे जवळपास नक्की, पण फट कूलंटकडे असेल आणि बारीक असेल तर आकडे छान येतात.

रिकामी_बाटली:

सगळ्यांचे आभार, दुसऱ्या गॅरेजमध्ये समोर उभं राहून सगळं करून घेतलं. कोड पी०३०३. तिसरा प्लग बाकी तिघांपेक्षा चक्क नवा दिसतोय, पोर्सलीन पांढरंशुभ्र. कार्पेट कोरडं, पंपाखाली डाग नाही. ब्लॉक टेस्टर लावला, बराच वेळ बल्ब दाबत बसलो पण लिक्विड निळं ते निळंच, तिथला माणूस म्हणाला गॅस्केट ओके. कम्प्रेशन बारमध्ये १२.२, १२.०, ११.६, १२.१.

मी हट्टाने प्रेशर टेस्ट रात्रभर ठेवायला लावली. १ बारचं सकाळी ०.६ झालं होतं, बाहेर कुठेही ओलं नाही. सेल्फ मारला आणि तिसऱ्या भोकातून हिरवा फवारा थेट बॉनेटच्या आतल्या बाजूला. बाकी तीन कोरडे. आता मला हे कळेना की ब्लॉक टेस्ट निळी कशी काय राहिली?

तेलकट_हात:

ब्लॉक टेस्ट गॅस कूलंटमध्ये येतोय का ते बघते, कूलंट सिलिंडरमध्ये जातंय का ते नाही. उभ्या गाडीत आयडलला सिलिंडरमधलं प्रेशर तसं कमीच, फट केसाएवढी असेल तर टेस्टरपुरता गॅस निघतच नाही, चढावर लोड आला की निघतो. तुमचा काटा चढावरच वर गेला होता ना, तेच. पिवळं झालं तर गुन्हा सिद्ध, निळं राहिलं तर फक्त पुरावा मिळाला नाही एवढंच. तुमच्याकडे कोड, प्लग आणि फवारा तिन्ही एकाच सिलिंडरकडे बोट दाखवतायत, आता खोला.

आणि गाडी चालवायचं विचारलं होतंत, नको. कूलंट जळून ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतात, आणि एकदा नीट ओव्हरहिट झाली की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं.

सावकाश_चला:

मध्येच विचारतो, रेडिएटरमध्ये टाकायचं ते लीक बंद करणारं लिक्विड मिळतं ना, ते टाकून काही महिने निघणार नाहीत का? माझ्याकडेही अशीच केस होतेय बहुतेक.

फेसिंगवाला:

गाडी विकायला काढलीय का? :) ते फटीत बसतं तसंच हीटर कोअरच्या नळ्यांतपण बसतं. हेड उतरवून साफ करताना तो गाळ मी खरवडतो म्हणून सांगतोय.

बाटलीवाले, तुमच्यासाठी. फवारा तिसऱ्यातून आला म्हणजे पाणी तिसऱ्यात जातंय एवढं कळलं, गॅस्केटमधून जातंय की हेडला तडा आहे हे अजून कळलेलं नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. त्यामुळे हेड उतरवलं की नुसतं गॅस्केट टाकून परत बसवू देऊ नका. हेड आमच्यासारख्याकडे पाठवा, पाण्याचे मार्ग बंद करून हवा भरून टबमध्ये बुडवलं की तडा असेल तर बुडबुडे दाखवतो, बहुतेक वेळा दोन वॉल्व्ह सीटच्या मधे असतो. स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आणि फिलर गेजने (फट मोजायची पातळ पाती) सपाटी बघायला सांगा, लिमिट तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधलं घ्या, बऱ्याच इंजिनांना ०.०५ मिमीच्या आसपास असतं. ब्लॉकचीही सपाटी बघा, ती सगळे विसरतात. गॅस्केट मल्टी लेयर स्टीलचं असेल तर पृष्ठभाग फार गुळगुळीत लागतो, ब्लॉकवर ग्राइंडरची खरखरीत डिस्क फिरवणाऱ्याच्या हातातून ती काढून घ्या, खळगे पडतात आणि ती धूळ ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते.

हेड बोल्ट आधी टॉर्कने (ठरावीक पिळाने) आणि नंतर डिग्रीत फिरवायचे असतील तर ते बहुतेक ताणले जाणारे असतात, नवेच घ्या. ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करून घ्या, आत ऑइल किंवा पाणी राहिलं तर टॉर्क खोटा येतो आणि ब्लॉक फुटूही शकतो. आवळायचे मधून बाहेर, मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने.

रिकामी_बाटली:

हेड उद्या उतरतंय. जुनं गॅस्केट फेकू नका, मला द्या असं सांगून ठेवलंय.

तेलकट_हात:

छान. तिसऱ्या सिलिंडरच्या कडेची रिंग आणि शेजारचं पाण्याचं भोक यांच्यामध्ये काळा किंवा गंजाचा ओघळ दिसतो का ते बघा, आणि पिस्टनचा माथा कार्बन जाऊन चकाकतोय का तेही. ओघळ नसेल तर हेडची बुडवून टेस्ट होईपर्यंत नवं गॅस्केट पाकिटातून काढू नका. फोटो टाका.